केसपेपर एकच हवा

सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत एखाद्या सोमवारी सकाळी नुसतं बाकावर जाऊन बसावं आणि रांगेतल्या बायका काय बोलतात ते ऐकावं. ‘मपलं डोकं नुसतं जड पडतंय.’ ‘हातापायाला मुंग्या येत्यात.’ ‘कंबर धरलीय.’ ‘छातीत धडधडतंय.’ ‘झोपच लागत नाय.’ ‘अंगात जीवच राहिला नाय बघ.’ आमच्या जुन्नर-आंबेगावकडच्या बायकांची ही ठरलेली गाऱ्हाणी. नारायणगावचं ग्रामीण रुग्णालय घ्या, मंचरचं उपजिल्हा रुग्णालय घ्या, नाही तर आळेफाट्यावरचा एखादा खासगी दवाखाना घ्या, बोलणं तेच. बचत गटाच्या कामामुळे कुणा ना कुणाला घेऊन दवाखान्यात जाणं मला नेहमीचंच झालंय. त्यामुळे ही गाऱ्हाणी आता तोंडपाठ आहेत म्हणा ना!

डॉक्टर तरी काय करतील? दारात ही गर्दी. एकेका पेशंटला दोन मिनिटं मिळाली तरी खूप. ते बीपी बघतात, डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का बघतात, रक्तवाढीच्या गोळ्या, बी-कॉम्प्लेक्स आणि एखादी दुखण्यावरची गोळी लिहून देतात. खासगीत गेलं तर बाई स्वतःच म्हणते, ‘डॉक्टर, ताकदीची सुई द्या’ किंवा ‘एक बाटली लावा.’ सलाईन लावलं की दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी डोकं पुन्हा जड. मग तपासण्या सुरू होतात. रक्त, लघवी, एक्स-रे, सोनोग्राफी... आणि शेवटी ते वाक्य येतं, ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. तुम्हाला काहीही झालेलं नाही.’

मैत्रिणींनो, हे वाक्य ऐकून आनंद व्हायला हवा की नाही? पण मी बघितलंय, बाई ते ऐकून आणखी खचते. रिपोर्ट नॉर्मल असणं आणि काही झालेलं नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या दवाखान्यांत त्या एकच धरल्या जातात.

आमच्या पिंपळवंडीच्या बचत गटातल्या एका वहिनीचंच सांगते. नाव सांगत नाही, गरजही नाही. वय बेचाळीस-त्रेचाळीस. चार वर्षं तिच्या छातीत धडधडायचं. रात्री दोन-अडीचला दचकून जाग यायची, घाम फुटायचा, हात गार पडायचे. ईसीजी झाला, टू-डी इको झाला, थायरॉईडची तपासणी झाली, पुण्याच्या दोन फेऱ्या झाल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांचा हा एवढा गठ्ठा! एक दुभती म्हैस त्यात गेली. सगळीकडचं उत्तर एकच, नॉर्मल. मग घरात कुजबुज सुरू झाली. सासू म्हणाली, ‘कामाचा कंटाळा, दुसरं काय?’ नवरा म्हणाला, ‘नाटकं नुसती.’ कुणीतरी गंडादोराही बांधून आणला.

शेवटी एका तरुण लेडी डॉक्टरने तिला विचारलं, ‘रात्री जाग आली की तुम्ही उठून काय करता?’ किती साधा प्रश्न! पण चार वर्षांत तो कुणी विचारलाच नव्हता. वहिनी आधी गप्पच बसली. मग खाली मान घालून म्हणाली, ‘ह्यांचं अंथरूण चाचपून बघते.’

झालं होतं असं, की त्या साली टोमॅटोचा भाव साफ पडला होता. क्रेट भरून नारायणगावच्या बाजारात न्यायचे, तर तोडणीचे आणि गाडीभाड्याचे पैसेही निघेनात. सोसायटीचं कर्ज होतं, वर हातउसने होते. एकदा जेवता जेवता नवरा बोलून गेला, ‘मीच नसलो तर सुटाल तरी तुम्ही.’ तो बोलला आणि कदाचित विसरलाही. ही विसरली नाही. तिने त्याच दिवशी फवारणीची सगळी औषधं पेटीत घालून कुलूप लावलं आणि चावी कमरेला ठेवली. तेव्हापासून रोज रात्री उठून ती नवरा अंथरुणात आहे ना, हे बघत होती. आता तुम्हीच सांगा, हिच्या छातीत धडधडणार नाही तर काय होणार? आणि ते ईसीजीच्या कागदावर दिसणार तरी कसं?

पुढे त्या डॉक्टरबाईंनी काय केलं, ते मला फार शहाणपणाचं वाटलं. त्यांनी वहिनीला नीट समजावलं, की धडधड खरी आहे, तुम्ही सोंग करत नाही. सतत भीतीत असलेलं शरीर असंच वागतं. श्वासाचा एक साधा व्यायाम शिकवला, औषधही सुरू केलं. आणि नवऱ्याला निरोप धाडला, ‘बीपी तपासायला या.’ बघा हं, ‘मनाच्या डॉक्टरकडे चला’ म्हटलं असतं तर तो गडी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता ना. बीपी म्हटल्यावर आला. बीपी मोजता मोजता बोलणं झालं, आणि त्यालाही झोप नाही, जेवण नाही, कशात मन नाही, हे बाहेर आलं. त्याला पुढे मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं गेलं, तो गेलाही. कर्ज अजून पूर्ण फिटलेलं नाही. वहिनीला अधूनमधून रात्री जाग येतेच. पण अंथरूण चाचपणं थांबलंय, असं ती परवा सांगत होती.

हे सगळं घडलं ते नेहमीच्या ओपीडीत, नेहमीच्या केसपेपरवर. म्हणून तर घडलं. पण ते एका डॉक्टरबाईंच्या चांगुलपणावर घडलं. त्यांची बदली झाली की संपलं.

हे चांगुलपणावर न सोडता पद्धतशीर करता येतं का? येतं, आणि ते आपल्या शेजारी गोव्यात करून दाखवलेलं आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था सुरू केली. त्यांनी १८ ते ५० वयाच्या जवळजवळ अडीच हजार बायकांची पाहणी केली, तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. शंभरातल्या बाराजणींना सहा महिन्यांहून जास्त काळ सतत थकवा होता. आपण काय म्हणू? रक्त कमी असेल! पण या पाहणीत थकव्याचा आणि रक्त कमी असण्याचा संबंध सापडला नाही. सापडला तो गरिबीशी, मनाच्या त्रासाशी आणि घरात होणाऱ्या छळाशी. अंगावर पांढरं जाण्याचंही असंच. बायका ज्या तक्रारीसाठी लाजत लाजत दवाखान्यात येतात आणि गोळ्यांचे कोर्सवर कोर्स घेतात, तिचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त ठळक दिसला.

याचा अर्थ रक्त तपासूच नये, असा मुळीच नाही. हिमोग्लोबिन, थायरॉईड, शुगर बघायलाच हवी. थायरॉईड बिघडलं तरी माणूस उदास होतो, थकतो. सांगायचं एवढंच, की शरीर तपासून झालं आणि हाती काही लागलं नाही, म्हणजे तपासणी संपली असं होत नाही. उलट एक अख्खी बाजू तपासायची राहिलेली असते.

मग त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. ‘मानस’ नावाचा प्रयोग. गोव्यातली १२ प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि १२ खासगी दवाखाने निवडले, अडीच हजारांवर रुग्ण. निम्म्या ठिकाणी नेहमीसारखे उपचार. उरलेल्या निम्म्या ठिकाणी ओपीडीत आलेल्या माणसाला, मग तो गुडघ्यासाठी आलेला असो की खोकल्यासाठी, थोडे प्रश्न विचारायचे. झोप कशी आहे, ताण आहे का, वगैरे. ज्यांना त्रास दिसेल त्यांना तिथेच आरोग्य समुपदेशकाकडे पाठवायचं. आणि हे समुपदेशक कोण? मोठ्या पदव्यांचे तज्ज्ञ नव्हेत. तिथलेच स्थानिक लोक, ज्यांचा आधी आरोग्याच्या क्षेत्राशी संबंधही नव्हता. त्यांना दोन महिन्यांचं प्रशिक्षण दिलेलं. आधी ते समजावून सांगत, की शरीराचं हे दुखणं आणि मनावरचा ताण यांचं नातं काय आहे. मग श्वासाचे व्यायाम, आणि बोलणं. त्रास जास्त असेल तर केंद्रातलेच डॉक्टर औषध देत. त्याहून अवघड असेल तरच मनोविकारतज्ज्ञ.

हे पायरीपायरीने जाणं मला फार पटलं. आपल्याकडे एक तर काहीच नाही, नाही तर एकदम येरवडा! मधल्या पायऱ्याच नाहीत. आणि येरवडा म्हटलं की आपल्या माणसांच्या डोळ्यांसमोर काय येतं, ते मी सांगायला नको.

२०१० मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत जिथे समुपदेशक होते तिथे सहा महिन्यांनी शंभरातले सुमारे ६६ रुग्ण बरे झाले होते. नेहमीचे उपचार मिळालेल्या केंद्रांत हे प्रमाण ४२-४३ होतं. एक गंमत मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसलाच नाही. मला वाटतं, गावातला जुना फॅमिली डॉक्टर घरातलं सगळं ओळखून असतो आणि चार शब्द आधीच बोलतो, हे त्याचं कारण असावं. खरी गरज आहे ती सरकारी रांगेतल्या बाईला. तिलाच विचारणारं कुणी नसतं.

आपल्या महाराष्ट्रातही असे प्रयत्न झाले आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली. नैराश्य असलेल्या शंभर माणसांपैकी आधी जेमतेम चारजण उपचारापर्यंत पोचत होते, नंतर ते प्रमाण २७ पर्यंत गेलं. राज्य सरकारने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात आशाताईंनी घरोघर जाऊन माणसं शोधायची होती. आमचा पुणे जिल्हा त्यात नव्हता. पुणे म्हटलं की सगळ्यांना हिंजवडी आणि मॉल दिसतात. पिंपळवंडीपासून पुणे ८० किलोमीटरच्या वर आहे, हे लोकांच्या लक्षातच येत नाही!

आता याची उलटी बाजू. मनाचा त्रास शरीरातून बोलतो तसं शरीराचं जुनं दुखणंही मनाला पोखरतं. आमच्या आळीतल्या एक आजी शुगरच्या पेशंट. गोळ्या वेळेवर, पथ्य कडक. बाबा गेले आणि त्यांनी गोळ्या सोडल्या. शुगर भरमसाट वाढली. डॉक्टर रागावले, डोस वाढवला, पथ्याचा कागद पुन्हा दिला. मी विचारलं तर आजी म्हणाल्या, ‘कुणासाठी खाऊ गं गोळ्या?’ आता या आजीला वाढीव डोसाचा काय उपयोग? दुःखाबद्दल कुणी बोललं असतं तर शुगर आपोआप खाली आली असती, असं मी म्हणत नाही. पण गोळी तोंडापर्यंत तरी गेली असती.

याचंही उत्तर आपल्याच देशात शोधलं गेलंय. दिल्ली, चेन्नई, विशाखापट्टणम आणि बंगळुरू इथल्या चार मधुमेह दवाखान्यांत ४०४ रुग्णांवर एक अभ्यास झाला. यांना शुगरही होती आणि नैराश्यही. निम्म्या रुग्णांसाठी एक काळजीवाहू कार्यकर्ता नेमला. तो फोन करायचा, गोळ्या घेता का, जेवता का, मन कसं आहे, असं एकत्रच विचारायचा आणि वेळोवेळी तज्ज्ञांचा सल्ला घ्यायचा. दोन वर्षांनी बघितलं तर या गटात शंभरातल्या सुमारे ७२ जणांचं नैराश्य निम्म्याने तरी कमी झालं होतं आणि शिवाय शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल यातलं निदान एक तरी सुधारलं होतं. नेहमीच्या उपचारांत हे ५७ जणांच्या बाबतीत घडलं. २०२० मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आणि ज्यांच्यावर आधीच मनोविकाराचे उपचार चालू आहेत, त्यांचं काय? त्यांची तर वेगळीच कथा. एका ताईंना घेऊन मी दवाखान्यात गेले होते. पोटात भयंकर दुखत होतं. केसपेपरवर मनोविकाराच्या गोळ्यांची नावं दिसल्याबरोबर समोरच्याचा सूर बदलला. ‘यांना सवयच असते,’ म्हणून ॲसिडिटीची गोळी देऊन बोळवण केली. दोन महिने ती बाई कळवळत होती. पुढे दुसरीकडे सोनोग्राफी केली तर पित्ताशयात खडे! मनाची पेशंट म्हटली की तिच्या पोटावर कुणी विश्वासच ठेवत नाही. मनावरच्या काही औषधांनी वजन आणि शुगर वाढते, म्हणून या माणसांची तर शरीराची तपासणी नेमाने व्हायला हवी. होतं मात्र नेमकं उलटं.

कायदा काय म्हणतो? २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. त्यात स्पष्ट म्हटलंय, की मानसिक आरोग्याच्या सेवा नेहमीच्या आरोग्यसेवेत, अगदी प्राथमिक पातळीपासून, मिसळून घ्यायच्या आहेत. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम तर १९८२ सालचा, जिल्ह्यांसाठीचा १९९६ सालचा. कागद भरपूर आहेत.

कागदावरून आठवलं. तुमच्याकडे आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांचा ‘सीबॅक’ फॉर्म भरायला येतात ना? बीपी, शुगर, कॅन्सर, तंबाखू असे प्रश्न असतात. त्याच्या शेवटी मनाचे दोन प्रश्न आहेत, हे किती जणींना माहीत आहे? गेल्या दोन आठवड्यांत कामात रस, आनंद वाटत नाही असं किती वेळा झालं, आणि उदास, निराश किती वेळा वाटलं. दोन्हींचे मिळून तीनपेक्षा जास्त गुण झाले तर त्या व्यक्तीला पुढे आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवायचं असतं. चांगलीच सोय आहे! पण हे प्रश्न विचारले जातात कुठे? ओट्यावर, सासू शेजारी शेंगा फोडत बसलेली असताना, दीर मोटारसायकल पुसत असताना. तिथे कोण सून म्हणणार, ‘मला उदास वाटतं’? ती ‘नाही’ म्हणते, आशाताई शून्य लिहितात. आशाताईंना दोष नाही, त्यांच्या डोक्यावर फॉर्मांचे ढीग आहेत. पण ते शून्य खरं नसतं.

आणि आमच्याकडे काळजीला तोटा आहे का? बिबट्या आहे! उसात कुठे दडलेला असेल सांगता येत नाही. रात्रीची लाइट असली की घरातला पुरुष पाणी भरायला जातो आणि तो परत येईपर्यंत बाई दाराशी जागी. पोरं शाळेतून यायला अर्धा तास उशीर झाला की हिचा जीव वरखाली. शिरूरकडे पिंपरखेडला २०२५ मध्ये बिबट्याने माणसं मारली. त्यानंतर बायका गळ्यात टोकदार पट्टे घालून शेतात जात असल्याचे फोटो पेपरात आले. पिंजरे लावतात, माणिकडोहच्या केंद्रात बिबट्यांना ठेवतात, ते ठीकच. पण ज्या बाईची झोप त्याने नेली तिचं वाढलेलं बीपी कुठल्या पिंजऱ्यात ठेवायचं?

त्यामुळे आमच्या गटातल्या बायकांनी एक मागणी धरली आहे. मोठी नाही. ओपीडीला लागून एक दार लावता येईल अशी खोली आणि तिथे आठवड्यातून काही ठरलेले दिवस बसणारी प्रशिक्षित समुपदेशक ताई. केसपेपर तोच, खिडकी तीच, वेगळी पाटी नको. ‘मानसोपचार’ अशी पाटी लावली की रांगेतल्या चार ओळखीच्या बायका बघतात आणि संध्याकाळपर्यंत गावभर होतं. ग्रामीण रुग्णालयांत एचआयव्हीच्या तपासणीसाठी समुपदेशक असतात, किशोरवयीन मुलामुलींसाठी ‘मैत्री’ क्लिनिकं निघाली. म्हणजे खुर्ची, टेबल आणि गुप्तता पाळणारं माणूस, हे सरकारी दवाखान्याला नवीन नाही. मग बाईच्या झोपेसाठी का नको? एकदा हे बोलायला गेलो तर उत्तर मिळालं, ‘जागा नाही.’ एक खोली दिसत होती. तिच्यात जुन्या खाटा आणि मच्छरदाण्या रचलेल्या होत्या. पुढच्या ग्रामसभेत विषय ठेवायचा म्हणून आम्ही अर्ज लिहिलाय, एकवीस जणींच्या सह्या झाल्या आहेत. दोघींनी ‘घरी विचारून सांगते’ म्हटलंय.

तोवर काय? ‘टेलि-मानस’ ही सरकारी फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र कधीही, आणि मराठीत बोलता येतं. घरात कुणी जिवाचं बरंवाईट करून घेण्याची भाषा बोलत असेल तर हसण्यावारी नेऊ नका, त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं कुलपात घाला आणि लगेच फोन लावा किंवा थेट दवाखाना गाठा. राज्य सरकारच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट उपचार मोफत आहेत. जाताना जुने रिपोर्ट न्या. डॉक्टरांनी ‘काय होतंय’ विचारलं की कंबर, डोकं सांगून झाल्यावर आणखी एक वाक्य सांगा, ‘डॉक्टर, झोप लागत नाही, आणि का लागत नाही तेही सांगायचंय.’ रांग मोठी असेल तर विचारा, ‘गर्दी कमी झाल्यावर थांबू का?’ आमच्या वहिनीला वेळ मिळाला होता तो दुपारी दीड वाजता, ओपीडी उठायच्या बेतात असताना.